एकाच खंडात सापडणारे विचित्र प्राणी (भाचीचा प्रोजेक्ट आहे, मदत पाहिजे)

सावदेकर
रविवार, रात्री १०:१२

नमस्कार मंडळी, बऱ्याच दिवसांनी धागा काढतोय, सांभाळून घ्या.

झालं असं की बहिणीची पोरगी दिवाळीच्या सुट्टीत आमच्याकडे आलीये, सातवीत आहे, आणि फराळासोबत प्रोजेक्टही घेऊन आलीये. विषय, 'फक्त एकाच खंडात आढळणारे वन्यप्राणी'. पोरीनं पहिल्याच दिवशी कांगारू, जिराफ, पेंग्विन लिहून टाकलं आणि संध्याकाळी वर्गाच्या ग्रुपवर बघितलं तर अख्ख्या वर्गाचं तेच, कांगारू जिराफ पेंग्विन. आता म्हणते मामा मला असे सांग जे कुणीच लिहिणार नाही. आता मी केळीवाला माणूस, मला केळीवरचे रोग विचारा, करपा विचारा, सीएमव्ही विचारा, ओकापी कुठून माहीत असणार. पण म्हटलं पोरीसमोर इज्जतीचा प्रश्न आहे, रात्री मोबाईल घेऊन बसलो आणि असा अडकलो की पहाटे तीनला शेतीच्या लाइटची पाळी आली तेव्हा मोटार चालू करायला उठायची गरजच पडली नाही, जागाच होतो.

मला सापडलेले दोन टाकतो.

पहिला तोच ओकापी. मागून बघा तर झेब्रा, तंगड्यांवर पट्टेच पट्टे. पुढून बघा तर घोडा का गाढव ठरवता येत नाही. आणि नातं निघतं जिराफाशी! कांगो देशाच्या ईशान्येकडच्या दाट जंगलात राहतो, बाकी जगात कुठेच नाही. जीभ एवढी लांब की स्वतःचे कान स्वतःच चाटून साफ करतो. शास्त्रज्ञांना त्याचा पत्ता १९०१ साली लागला, म्हणजे आगगाडी, तारयंत्र सगळं आलं तरी एवढं मोठं जनावर लपून होतं. तिथल्या जंगलातल्या लोकांना अर्थात पहिल्यापासून माहीत होतं, पण त्यांना विचारतो कोण.

दुसरा दक्षिण अमेरिकेतला मेन्ड वुल्फ, म्हणजे आयाळवाला लांडगा म्हणू. हा लांडगाही नाही आणि कोल्हाही नाही, वेगळंच घराणं. लालसर अंग, काळे मोजे घातल्यासारखे पाय, आणि पाय इतके लांब की कोल्ह्याला कुणीतरी टिपऱ्यांवर चढवलाय असं वाटतं. उंच गवतावरून बघता यावं म्हणून ते पाय. पण मला खरी मजा वाटली ती पुढे. हा गडी अर्धाअधिक शाकाहारी आहे आणि त्याचं सगळ्यात आवडतं फळ तिकडे 'लांडग्याचं सफरचंद' म्हणून ओळखलं जातं, आणि ते झाड आहे आपल्या वांग्याच्या कुळातलं!!

तर तुम्हाला माहीत असलेले सांगा. चित्र काढायला सोपा असला तर सोन्याहून पिवळं, कारण चित्र मलाच काढायचंय.

---

भुसावळ जंक्शन
रविवार, रात्री १०:३१

वांगं खाणारा लांडगा?? काय सांगू राह्यला भो. मग तो मूळचा आपल्या वांग्यांच्या बामणोदचाच, चुकून ब्राझीलला उतरला असंल, झोप लागली म्हणून स्टेशन हुकलं. डिसेंबरात भरीत पार्टीला बोलवा त्याला, कळण्याची भाकरी आपण नेतो.

---

जिभाऊ
रविवार, रात्री १०:५०

सावदेकर भाऊ, धागा भारी शे. पण माले एक सांग, आपला रोही मोजाना का नही? रोज रातले येस नि मना हरभरा खाई जास. तो कोनता खंडना शे ते माले म्हाईत नही पन त्याले त्याना खंडमा परत धाडी द्या एवढंच मनं म्हनणं.

---

अमळनेर ते टेक्सास
सोमवार, पहाटे ४:०५ (इथे अजून रविवारच)

जिभाऊ, हसून हसून वाट लागली. पण तुमचा प्रश्न बरोबर आहे, रोही म्हणजे नीलगाय, मूळची फक्त भारतीय उपखंडातली, म्हणजे एकट्या आशियातली. आणि परत धाडायचं म्हणत असाल तर ऐका. मी दक्षिण टेक्सासमधे राहतो आणि पहिल्या वर्षी हायवेच्या कडेला कुंपणामागे रोही उभा बघितला, तोच तो निळसर राखाडी नर, गळ्याखाली केसांचा झुपका, मी गाडी बाजूला घेतली आणि पाच मिनिटं नुसता बघत बसलो. मला वाटलं होमसिक झालो म्हणून दिसायला लागलं काहीतरी. नंतर कळलं की १९२०-३०च्या दशकात इथल्या एका प्रचंड मोठ्या रँचवर शिकारीसाठी आणून सोडलेत, किंग रँच नाव आहे, आणि आता हजारोंनी झालेत. चितळही आहेत. इथले शेतकरीपण वैतागलेत, फक्त ते इंग्रजीत वैतागतात.

---

जिभाऊ
सोमवार, सकाळी ६:१५

म्हंजे बठ्ठी दुनियामा पोहचना तो 😂 मंग काय उपयोग.

---

मास्तरीण
सोमवार, सकाळी ९:२०

सावदेकर, आधी भाचीच्या पहिल्या यादीबद्दल बोलते. तीस वर्षं विज्ञान शिकवलंय धुळ्यात, लाल पेन हातातून सुटत नाही.

जिराफ बरोबर, आज फक्त आफ्रिकेत. पेंग्विन मात्र चूक. पेंग्विन म्हटलं की सगळ्यांना बर्फ दिसतो, पण दक्षिण आफ्रिकेच्या किनाऱ्यावर पेंग्विन आहेत, चिली-पेरूला आहेत, ऑस्ट्रेलियात आहेत, गालापागोसला तर जवळजवळ विषुववृत्तावर आहेत. लिहायचंच असेल तर एम्परर पेंग्विन लिहा, तो अंटार्क्टिकाचाच. आणि कांगारूत मेख अशी की झाडावर राहणारे कांगारू न्यू गिनीत पण असतात. (हो, झाडावर चढणारे कांगारू असतात, आणि फार काही चपळ नसतात बिचारे.)

ऑस्ट्रेलियाच हवा असेल तर प्लॅटिपस घ्या, तो फक्त पूर्व ऑस्ट्रेलिया आणि टास्मानियात. अंडी घालतो हे सगळ्यांना माहीत असतं, म्हणून भाचीला ते लिहू नका म्हणावं. हे लिहा: पिल्लांना दूध पाजतो पण आचळं नाहीत, दूध कातडीतून पाझरतं आणि पिल्लं ते केसांवरून चाटतात. पाण्यात बुडी मारली की डोळे, कान, नाक सगळं बंद. मग शिकार सापडते कशी? तर त्या चोचीला किड्यामुंग्यांच्या, झिंग्यांच्या स्नायूंमधली बारीकशी वीज कळते. नराच्या मागच्या पायाला विषारी काटा. आणि पोट, म्हणजे जठरच नाही, अन्ननळी थेट आतड्याला जोडलेली. १७९९ साली जॉर्ज शॉ नावाच्या इंग्रज शास्त्रज्ञाकडे त्याचं वाळकं कातडं आलं तेव्हा त्याला शंकाच आली की कुणीतरी बदकाची चोच शिवून दिलीये. मी वर्गात हे सांगायचे तेव्हा मागच्या बाकावरची पोरं पण उठून बसायची.

आणि हो, 'मूळचे' आणि 'सध्या तिथे असलेले' हा फरक भाचीला नीट समजावा. टेक्सासचा रोही तिथे आहे, पण तिथला नाही. तसेच कोलंबियातले हिप्पो. पाब्लो एस्कोबार नावाच्या ड्रग माफियानं हौस म्हणून चार आणले होते, तो मेल्यावर ते नदीत सुटले आणि आता शंभराच्या वर झालेत.

---

भुसावळ जंक्शन
सोमवार, सकाळी ९:४१

जठर नाही म्हणजे अॅसिडिटी पण नाही. नशीबवान. आमचं शेवभाजीनंतर काय होतं ते आम्हालाच माहीत.

---

पारोळ्याची सून
सोमवार, दुपारी १:३०

मी नेहमी नुसती वाचते, आज पहिल्यांदा लिहितेय. मला नेकेड मोल रॅट आवडतो. दिसायला अगदीच कसातरी, भाजलेल्या शेंगेला दात फुटल्यासारखा, अंगावर केस नाहीत, पण काम बघा त्याचं. पूर्व आफ्रिकेत, इथिओपिया केनिया सोमालिया, जमिनीखाली बिळात शेकड्याच्या आसपास एकत्र राहतात आणि त्यात एकच राणी, पिल्लं फक्त तिलाच, बाकी सगळे बोगदे खणायला आणि पिल्लं सांभाळायला. म्हणजे मुंगीचं वारूळ पण उंदरांचं. उंदीर दोन-तीन वर्षं जगतो, हे तीस वर्षांपेक्षा जास्त जगतात. कॅन्सर जवळजवळ होतच नाही. २०१७ मधे एक प्रयोग आला होता, ऑक्सिजन पूर्ण बंद केला तरी अठरा मिनिटं तग धरून राहिले आणि नंतर परत नेहमीसारखे. दात ओठांच्या बाहेर असतात, त्यामुळे तोंड बंद ठेवून माती कोरता येते, घशात माती जात नाही.

चौदा माणसांच्या घरात सून म्हणून आले तेव्हापासून मला या प्राण्याबद्दल आपुलकी आहे, राणी कोण ते विचारू नका.

---

मास्तरीण
सोमवार, दुपारी १:५२

ताई, लिहीत जा हो! इतके दिवस गप्प का होतात.

---

निशाचर
सोमवार, रात्री ११:५८

मास्तरीणबाई, थोडी शेंडी ओढतो. न्यू गिनी आणि ऑस्ट्रेलिया एकाच भूखंडाचे भाग आहेत, हिमयुगात समुद्र खाली होता तेव्हा मधे कोरडी जमीनच होती, त्यामुळे झाडावरचा कांगारू खंडाबाहेर गेलेला नाही, समुद्र मधे आलाय. म्हणून कांगारूचा अर्धा मार्क परत द्या.

बाकी युरोप आणि अंटार्क्टिका कुणी घेतच नाही, तर ते मी घेतो. युरोपात ओल्म आहे, सॅलॅमँडरच्या जातीतला, बेडकासारखा उभयचर. स्लोव्हेनिया, क्रोएशिया, बोस्निया या भागात चुनखडीच्या गुहांमधल्या पाण्यात राहतो, पांढुरका, डोळे कातडीखाली गेलेले, हातपाय काडीएवढे. वर्षानुवर्षं न खाता राहू शकतो. बोस्नियात काहींना खुणा करून सोडलं होतं, २०२० मधे त्याचे निष्कर्ष आले, त्यातला एक २५६९ दिवसांनी त्याच जागी सापडला. सात वर्षं! एका ऑफिसातला टेबलावरचा माझा अर्ज आठवला, पण ते जाऊ दे.

अंटार्क्टिकाचं उत्तर मात्र शंभरात एकाला येतं. कायम जमिनीवरच राहणारा, तिथलाच, सगळ्यात मोठा प्राणी कोणता? पेंग्विन आणि सील समुद्रावर जगतात, ते मोजायचे नाहीत. उत्तर: बेल्जिका अंटार्क्टिका, एक बिनपंखी माशी, चिलटाच्या जातीतली. लांबी २ ते ६ मिलिमीटर. अख्ख्या खंडाचा हत्ती तो. दोन वर्षं अळी म्हणून गोठत-वितळत काढते आणि मोठी झाल्यावर जेमतेम आठ-दहा दिवस. पंख नाहीत कारण तिथल्या वाऱ्यात उडाली तर गेलीच समुद्रात.

चित्र काढायला पण सोपी, सावदेकर. एक ठिपका द्या.

---

सावदेकर
मंगळवार, सकाळी ७:०५

ठिपक्याची आयडिया भाचीला इतकी आवडली की पूर्ण पानाच्या मधोमध एक ठिपका आणि खाली 'अंटार्क्टिकाचा हत्ती' असं लिहायचं ठरलंय. बाई चिडल्या तर निशाचरांचा नंबर देतो.

---

चाळीसगाव लोकल
मंगळवार, दुपारी १२:४०

शहामृग कुणी लिहिलं नाही अजून? लिहू नका. का ते सांगतो, कारण हे आमच्या अंगणातलं आहे.

शहामृग म्हटलं की आफ्रिका, बरोबर? आज बरोबरच आहे. पण पाटणादेवीला जाताना पाटणे गाव लागतं, आपण सगळे तिथे जातो, भास्कराचार्यांचं नाव घेतो, धबधबा बघतो, भजी खातो आणि परत येतो. त्याच पाटण्याला १९७०च्या दशकात एस. ए. साळी यांनी उत्खनन केलं, दगडी हत्यारं निघाली आणि त्यांच्यासोबत शहामृगाच्या अंड्यांची कवचं. एका तुकड्यावर कोरीव नक्षी आहे, दोन रेघा आणि मधे आडव्यातिडव्या फुल्या-फुल्या. कवचाचे मणी पण सापडले, भोक पाडलेले. वय साधारण २५ हजार वर्षं. म्हणजे गिरणा-तापीच्या या माळावर शहामृग पळत होते, माणसं त्यांची अंडी उचलत होती, आणि खाऊन झाल्यावर कुणीतरी निवांत बसून कवचावर नक्षी काढत होतं. राजस्थान, मध्य प्रदेशातही अशी कवचं मिळालीत आणि २०१७ साली हैदराबादच्या सीसीएमबी या संशोधन संस्थेनं त्यातला डीएनए काढून दाखवला की हो, हे शहामृगच, आफ्रिकेतल्यांचे नातलग.

मला हे कळलं तेव्हा मी चाळीसगावात बावीस वर्षं राहिलेलो होतो. बावीस वर्षं! कुणी सांगितलं नाही. त्यानंतर गेलो तेव्हा भजी खाताना सगळं लक्ष जमिनीकडे.

---

भुसावळ जंक्शन
मंगळवार, दुपारी १:१०

शहामृगाच्या एका अंड्याची भुर्जी किती जणांना पुरली असती, हिशोब करा कुणीतरी.

---

अमळनेर ते टेक्सास
मंगळवार, दुपारी १:२५ (झोप येत नाहीये)

साधारण दोन डझन कोंबडीची अंडी धर. बारा-पंधरा जणांची सोय झाली, पाव वेगळा.

---

सावदेकर
मंगळवार, रात्री ९:१८

अरे देवा. भाचीनं शहामृग लिहून चित्रपण रंगवून टाकलं होतं. आता ती विचारतेय की मामा मग शहामृग एका खंडातला का दोन? आणि मग बाकीच्यांचं काय, ओकापी पण आधी दुसरीकडे असेल तर? मी म्हटलं झोप आता.

---

निशाचर
बुधवार, रात्री १२:२०

भाचीचा प्रश्न तिच्या प्रोजेक्टपेक्षा मोठा आहे, आणि बरोबर आहे.

शहामृगाचं तर एवढ्या मागे जायलाच नको. अरबस्तानात विसाव्या शतकापर्यंत होते, बंदुका आणि मोटारी आल्या आणि काही दशकांत संपले. चित्ता घ्या. आपण सगळे आफ्रिकेचा म्हणतो, पण नावच बघा, चित्ता हा शब्द आपला आहे, ठिपकेवाला. कोरिया संस्थानच्या (आजच्या छत्तीसगडातलं, तो कोरिया देश नव्हे) महाराजांनी १९४७ मधे तीन मारले ते भारतातले शेवटचे समजले जातात, १९५२ साली नामशेष जाहीर झाला, इराणात थोडेसे उरलेत, आणि २०२२ मधे आपण नामिबियातून आणून कुनोत सोडले. पाणघोड्याची हाडं नर्मदेच्या खोऱ्यात सापडतात, वेगळी जात, पण पाणघोडाच. सातपुडा ओलांडला की नर्मदा, म्हणजे शेजारच्या गल्लीत. उलट उंट बघा, आपण राजस्थान-अरबस्तान म्हणतो, त्यांचं मूळ उत्तर अमेरिकेत, आणि आता तिथे एकही रानटी नाही.

म्हणजे 'एकाच खंडात' या शब्दाखाली दोन वेगळे प्रकार एकत्र कोंबलेत. काही तिथेच घडले आणि तिथून कधी बाहेर पडलेच नाहीत, जसा प्रॉन्गहॉर्न. दिसायला हरणासारखा, उत्तर अमेरिकेतला, जवळचे नातलग जिराफ आणि ओकापी. ताशी ८०-९० किलोमीटर पळतो आणि आज तिथे त्याच्या पाठीमागे इतक्या वेगानं धावणारं कुणी नाही. मग पळतो कशाला? एक अंदाज असा की तिथे पूर्वी चित्त्यासारखी एक मांजर होती, ती दहाबारा हजार वर्षांपूर्वी संपली, पण याच्या पायातली भीती अजून संपलेली नाही. आपला काळवीटही चित्त्यासाठीच तयार झालेला, चित्ता गेला तरी तेवढाच पळतोय. आणि दुसरा प्रकार, जे सगळीकडे होते, बाकीकडे संपले आणि एका जागी उरले.

---

सावदेकर
बुधवार, सकाळी ८:३०

भाचीला वाचून दाखवलं. तिनं वहीत मधोमध रेघ मारली. डावीकडे 'तिथलेच', उजवीकडे 'तिथे उरलेले'. शहामृग उजवीकडे गेला, चित्र वाचलं. आता म्हणते डावीकडे आपला एक पाहिजे, खान्देशातला, आणि रोही नको कारण तो टेक्सासला गेला.

---

जिभाऊ
बुधवार, सकाळी ८:४४

पोर हुशार शे. रोहीले बाद करं ते बेस करं.

---

पारोळ्याची सून
बुधवार, दुपारी २:१०

चौसिंगा चालेल का? भारत आणि नेपाळ सोडून कुठेच नाही आणि चार शिंगं असलेला रानातला तेवढा एकच. दोन कानांमधे आणि दोन पुढे कपाळावर, पुढची अगदी बोटाच्या पेराएवढी. माझे वडील वनखात्यात होते, सातपुड्याच्या बाजूला बदली होती तेव्हा एकदा बघितला होता म्हणतात. कळपात नसतो, एकटा-दुकटा, आणि पाण्यापासून लांब जात नाही.

---

सातपुड्यातला
बुधवार, रात्री १०:४५

धागा पहिल्यापासून वाचतोय आणि वाट बघत होतो की कुणी रान पिंगळ्याचं नाव घेतंय का. नाही घेतलं. मग मलाच लिहावं लागणार, लांबेल, चहा घेऊन बसा.

१८७३ साली अॅलन ह्यूमनं या छोट्या घुबडाचं वर्णन केलं, तोच ह्यूम ज्यानं पुढे काँग्रेस स्थापन केली, त्याला पक्ष्यांचं वेड होतं. नमुना आजच्या छत्तीसगडातला होता. नंतर आपल्याकडे खान्देशात जेम्स डेव्हिडसन नावाचा कलेक्टर होता, त्यानं शहादा-तळोद्याच्या जंगलात काही मिळवले. शेवटचा खात्रीचा नमुना १८८४ चा. सगळे मिळून जगात सातच कातडी, म्युझियमच्या कपाटात. आणि त्यानंतर पक्षी गायब. शंभर वर्षं. पुस्तकात लिहायचे, बहुतेक नामशेष.

आता यात एक चोर आहे. रिचर्ड माइनर्त्सहागेन, ब्रिटिश कर्नल, मोठा नावाजलेला पक्षीतज्ज्ञ. याच्या संग्रहात एक रान पिंगळा होता, चिठ्ठी लावलेली की १९१४ साली गुजरातेत मांडवीजवळ मारला. त्या चिठ्ठीवर विश्वास ठेवून लोकांनी तिकडे शोधला, मिळणार कुठून. पामेला रासमुसेन या अमेरिकन बाईंनी ते कातडं नीट तपासलं तर कळलं की ते म्युझियममधून चोरलेलं, टाके उसवून परत भरलेलं आणि खोटी चिठ्ठी लावलेलं आहे. मूळचं ते डेव्हिडसनचं होतं. मग बाई म्हणाल्या की खोटी चिठ्ठी बाजूला ठेवू आणि खऱ्या चिठ्ठ्यांवरची गावं शोधू. त्या, बेन किंग आणि डेव्हिड अॅबट असे तिघं आले, आधी पूर्वेकडची जुनी ठिकाणं पालथी घातली, काही नाही, शेवटी आपल्याकडे आले आणि २५ नोव्हेंबर १९९७ च्या सकाळी शहाद्याजवळ, सातपुड्याच्या पायथ्याला, एका उघड्या फांदीवर, भर उजेडात बसलेला दिसला. ११३ वर्षांनी!

मला यातलं सगळ्यात काय आवडतं सांगू, तो लपलेला नव्हताच. घुबड असून दिवसा हिंडतो. पानगळीच्या सागाच्या जंगलात उंच वाळक्या फांदीवर उन्हात बसतो, शेपटी झटकतो, खाली पाली-सरडे-उंदीर दिसला की झेप. आपल्या पावरा-भिल्ल बांधवांच्या डोक्यावरच बसलेला होता, कुणी विचारायलाच गेलं नाही. सावदेकरांनी ओकापीबद्दल लिहिलं तेच.

यावल अभयारण्यात आहे, मेळघाटात आहे, नंतर डांगात आणि ठाण्याकडे तानसातही सापडला. पण सगळा हिशोब मध्य भारतातच संपतो. जगात दुसरीकडे कुठेही नाही, खंड सोडा, दुसऱ्या देशातही नाही. जंगल तुटतंय, अतिक्रमणं आहेत, आणि घुबडाच्या नावानं अंधश्रद्धा वेगळीच. त्यामुळे भाचीला डावीकडे बिनधास्त लिहायला सांगा.

---

मास्तरीण
बुधवार, रात्री ११:०२

तीस वर्षं शिकवलं आणि हे एकदाही सांगितलं नाही. पुस्तकात नव्हतं, आणि मी पण बाहेर बघितलं नाही. प्लॅटिपसचं जठर माहीत होतं.

---

शहादेकर
गुरुवार, सकाळी ६:५०

सातपुड्यातले भाऊ, हा तर माझ्या शेतात आहे!! पपईच्या बांधावर जुनं आंब्याचं झाड आहे, ढोलीत जोडी आहे, रोज सकाळी दिसते, उन्हात बसते, डोकं गोल फिरवून बघते. मी शहाद्याचाच. आता सगळ्यांना बोलवू का काय?

---

सातपुड्यातला
गुरुवार, सकाळी ७:३०

दादा, थांबा, कुणाला बोलवू नका आणि जागा पण इथे लिहू नका, खरा निघाला तर फोटोवाल्यांची गर्दी होईल आणि ते मोबाईलवर आवाज वाजवून त्याला त्रास देतील. पण आधी बघा. गावाजवळ आंब्या-चिंचेच्या ढोलीत राहतो तो बहुतेक साधा पिंगळा असतो, तोही सकाळी उन्हात बसतो. डोक्यावर बघा. साध्या पिंगळ्याच्या डोक्यावर पांढरे ठिपके भरपूर, पीठ शिंपडल्यासारखे. रान पिंगळ्याचं डोकं जवळजवळ कोरं, राखाडी-तपकिरी. छातीवर गडद तपकिरी पट्टा, खाली पोट पांढरंस्वच्छ, आणि पाय जाडजूड, पांढऱ्या पिसांनी भरलेले, लोकरीचे मोजे घातल्यासारखे.

---

भुसावळ जंक्शन
गुरुवार, सकाळी ७:४२

पहिल्या पोस्टमधे लांडग्याला मोजे, आता घुबडाला मोजे. थंडी पडली वाटतं.

---

सावदेकर
शुक्रवार, रात्री ९:००

अपडेट. प्रोजेक्ट झाला. डावीकडे ओकापी, वांगेवाला लांडगा, प्लॅटिपस, मोल रॅट, ओल्म, प्रॉन्गहॉर्न, ठिपका, चौसिंगा, रान पिंगळा. उजवीकडे शहामृग आणि चित्ता, आणि उजव्या पानाच्या तळाला पाटण्याच्या कवचावरची नक्षी तिनं स्वतः काढलीये, दोन रेघा आणि मधे फुल्या. पिंगळा मी काढला, तो बटाट्यासारखा दिसतोय, पण डोक्यावर ठिपके दिलेले नाहीत हे नोंद घ्या.

शाळा उघडली की बाई काय म्हणतात ते सांगतो. सुट्टी संपायच्या आत एकदा सातपुड्यातल्या पाल गावाला घेऊन चल म्हणतेय. सातपुड्यातले, तुम्ही येता का सोबत? गाडी माझी, नाश्ता पण माझा.

---

सातपुड्यातला
शुक्रवार, रात्री ९:२५

रविवारी मोकळा आहे. पाचला निघायचं, उजाडताना जंगलात पाहिजे. दिसेल याची गॅरंटी नाही हे पोरीला आधीच सांगा. भडक कपडे नको, आणि भुसावळवाले येणार असतील तर तोंडाला कुलूप.

---

भुसावळ जंक्शन
शुक्रवार, रात्री ९:२६

🤐

---

शहादेकर
शनिवार, सकाळी ७:१५

ठिपके आहेत. डोकंभर ठिपके. साधाच पिंगळा निघाला.

दोन दिवस पहाटे बांधावर जाऊन बसलो, काल जवळून दिसलाच नाही, आज दिसला. घरचे विचारत होते पपईला पाणी द्यायचं सोडून झाडाखाली काय करतोय. पंधरा वर्षं झाली ही जोडी तिथे आहे, त्याच्या डोक्याकडे मी आजच बघितलं. बरं, वरच्या अंगाला डोंगराकडे मेहुण्याचं शेत आहे, त्याच्या पलीकडे सागच आहे सगळा. पुढच्या आठवड्यात कापूस वेचायला तिकडे जाणारच आहे, तर सकाळी लवकर जातो. पायांचं काय सांगितलं होतं, जाड आणि पांढरे ना?